साथ गेली

आमच्याच गल्लीच्या गटाराचं पाणी प्रयोगशाळेत माझ्याकडे तपासायला येतं. आजाराचे जंतू त्यात दिसतात, पण ते दहा घरांतले की एकाच घरातले, हे पाण्याला काय कपाळ कळणार! साहेबांच्या कानीकपाळी हेच ओरडून मी थकले. जंतूंचा आकडा चढला आणि त्यांनी गल्लीत साथ आल्याचं जाहीर केलं.

अंथरूण धरलं होतं ते एकट्या शेजारच्या काकूंनी. आई गेल्यापासून मला त्यांचीच साथ होती. परवा त्याही गेल्या.

आज पाण्यात काहीच सापडलं नाही. साहेब हसत आले.

"ताई, तुमच्या गल्लीतली साथ गेली की हो!"

मी बाटली विसळत राहिले.

"हो साहेब," मी म्हटलं. "एवढी एकच होती."