एकहाती गाडीचे तीन हात

मित्रांनो, मी एक जुनी डोंगरगाडी आहे. चारही चाकांना जोर असलेली, चिखलातून आणि दगडगोट्यांतून वाट काढणारी. माझी हकीकत मी तुम्हाला सांगणार आहे, पण माझ्या शब्दावर लगेच विश्वास टाकू नका. जुन्या गाडीबद्दल जो तो गोडच बोलतो, आणि जुनी गाडी स्वतःच बोलायला लागली तर मग विचारायलाच नको. तेव्हा कान देऊन ऐका आणि डोळेही उघडे ठेवा.

कारखान्यात मला जोडून झाल्यावर एक तपासनीस बाई हातात छोटी हातोडी घेऊन आली. माझ्या चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, ती ठिकठिकाणी टकटक करायची आणि कान लावून ऐकायची. एका जागी तिला शंका आली. तिने परत ठोकलं, परत ऐकलं, मग कुठे मान हलवली. अशा रीतीने जगात मला भेटलेलं पहिलं माणूसच संशयी निघालं. तेव्हा मला त्याचा राग आला होता. एवढी नवी कोरी मी, आणि माझ्यावर अविश्वास!

माझा पहिला मालक गुरांचा डॉक्टर होता. लहानपणी झाडावरून पडून त्याचा डावा हात कायमचा निकामी झाला होता. सगळं काम उजव्या हाताने. स्टिअरिंगही त्याच हाताने, ठरलेल्या एकाच जागी धरलेलं. गिअर बदलायची वेळ आली की तो हात सुटायचा, आणि तेवढ्यापुरतं डॉक्टर स्टिअरिंग खालून गुडघ्याने पेलून धरायचा. बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकायचा, पण आम्हा दोघांचं मस्त जमलं होतं. अडलेली गाय असो की पाय मोडलेलं घोडं, हाक आली की आम्ही निघालोच. लोक म्हणायचे, डॉक्टरला हात एक आणि गाडी एक, पण दोन्ही कामाचे!

रोज सकाळी तो वाकून माझ्या पोटाखाली बघायचा. जमिनीवर तेलाचा थेंब दिसला तर म्हणायचा, "काय गं, रात्री रडलीस वाटतं?" आणि तो थेंब कुठून आला ते सापडेपर्यंत जागचा हलायचा नाही. पुढे त्याची नजर अधू झाली आणि त्याने गाडी चालवणं सोडलं. मला दुसऱ्याच्या हवाली करण्याआधी तो स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ नुसता बसून राहिला. मला रडू आलं असतं, पण मग त्याने थेंब शोधत बसायला कमी केलं नसतं.

दुसरा मालक खडीचा ठेकेदार. त्याच्या ड्रायव्हरला दोन्ही हात होते, पण माझ्यासाठी त्यातला एकही कधी मायेने उचलला गेला नाही. पाठीवर मावेल तेवढी खडी भरायची, मग आणखी थोडी भरायची आणि खड्ड्यातून दामटायचं. असंच एकदा पुढचं चाक चरात आदळलं आणि स्टिअरिंगच्या खाली, चासीत, कट् असा आवाज झाला. ड्रायव्हरने रेडिओ मोठा केला. पुढे स्टिअरिंग ओढायला लागलं तेव्हा रस्त्याकडेच्या एका वेल्डरकडून तिथे घाईघाईत टाका मारून घेतला. टाकाही पुरता बसला नाही. मग मला विकून ते मोकळे झाले.

मी आले ते एका दलालाच्या आवारात. पत्र्याच्या शेडखाली आम्ही जुन्या गाड्या दाटीवाटीने उभ्या असायचो. या दलालाला सगळे फर्स्टक्लास म्हणत, कारण त्याच्या तोंडी दुसरा शब्दच नव्हता. टायर फर्स्टक्लास, इंजिन फर्स्टक्लास, आणि फुटक्या दिव्याची गाडी असली तर तिचे उरलेले दिवे फर्स्टक्लास. त्याने मला धुतलं, आत अत्तर मारलं, पायाशी नवं कार्पेट अंथरलं, स्टिअरिंगवर जाड काळं कव्हर चढवलं. शेवटी पोटाखाली डांबरासारखा काळा रंग फासला. टाका दिसेनासा झाला. आरशात बघितलं असतं तर मीच मला ओळखलं नसतं.

पण मित्रांनो, रंगाने चीर सांधत नाही. पुन्हा कधी तसा दणका बसला तर चासी उघडणार आणि स्टिअरिंग हातचं जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. सांगायला तोंड मात्र नव्हतं.

एके सकाळी एक नर्सबाई आली. डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर औषधं घेऊन जाणारी, बाळंतपणं करणारी. गेल्या पावसाळ्यात तिची भाड्याची गाडी चढावरच बंद पडली होती. आत कळा देणारी एक बाई होती. लोकांनी तिला झोळीत घालून खाली उतरवलं. बाई वाचली, बाळ वाचलं नाही. तेव्हापासून नर्सबाईला स्वतःची गाडी हवी होती, आणि ती चढावर दगा देणारी नको होती. हे सगळं मला तिच्या मामाच्या बोलण्यातून कळलं. मामा सोबत आले होते ते खास संशय घेण्यासाठी. घरात त्यांना पणमामा म्हणत. सूर्य उगवला असं कोणी सांगितलं तरी ते 'पण...' म्हणून खिडकीतून खात्री करून घेत.

"या ताई, या काका! तुमच्यासाठीच राखून ठेवलीय," फर्स्टक्लास म्हणाला. "एकहाती गाडी आहे. एकाच मालकाने वापरलेली. बघा, घ्या, हात लावा."

पणमामांनी हात लावायला कमी केलं नाही. टायरला लाथ मारली, हॉर्न वाजवला, आरसे हलवले, टाकीचं झाकण काढून वास घेतला आणि शिंकले. "पण हे वायपर डावीकडे आधी का जातं?" ते विचारू लागले. माझं जे जे धडधाकट होतं त्या प्रत्येकावर त्यांनी संशय घेतला. मग रुमाल अंथरून ते खाली पालथे झाले आणि माझ्या पोटाखाली डोकं घातलं. माझा जीव टांगणीला लागला. त्यांचं बोट त्या टाक्यावरून फिरलंसुद्धा. वाटलं, आता म्हणतील, आता तो शब्द येईल!

"खालून काळीकुळकुळीत आहे," बाहेर येत ते म्हणाले. "फर्स्टक्लास!"

जन्मभर 'पण' म्हणणारा माणूस, नेमका तिथेच 'पण' विसरला. नव्या रंगाची भूल भल्याभल्यांना पडते, त्यांनाही पडली. खरं सांगू? मनाच्या एका कोपऱ्यात मला बरंही वाटलं. त्या आवारात पडून पडून मी कंटाळले होते, कोणीतरी न्यावं असं फार वाटायचं. पण लगेच झोळीतली ती बाई आठवली.

तोवर नर्सबाई पुढे आली. तिने माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला, तापकऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा.

"हिला ताप आहे. आम्ही यायच्या आधी चालू केली होतीत?"

"छे हो, उन्हाने तापलीय."

"शेडखाली?" तिने शेजारच्या गाडीवर हात ठेवला. ती गार होती. "आम्ही बसतो. निवली की मी स्वतः चालू करते, गार असताना उठते का ते बघू."

फर्स्टक्लासचा चेहरा उतरला. दोघं समोरच्या बाकावर बसली. खरं म्हणजे माझं इंजिन ठणठणीत होतं. डॉक्टरने त्याला जिवापाड जपलं होतं, थंडीतही ते एका दमात चालू व्हायचं. पण ज्याला लपवायचीच सवय, तो चांगलंही लपवतो. आणि त्या लपवण्यानेच नर्सबाईच्या मनात पाल चुकचुकली.

बसून बसून पणमामांना चैन पडेना. ते उठून माझ्या आत शिरले आणि स्टिअरिंगच्या कव्हरची शिवण नखाने उसवू लागले.

"काका, नवं आहे ते!"

"पण खालचं जुनं कसं आहे ते बघू तर दे."

कव्हर निघालं. पणमामा स्टिअरिंगवर नाक टेकवून बघत राहिले, मग त्यांनी भाचीला हाक मारली. "इकडे ये गं. हे बघ, इथे एका जागी खोल झिजलंय. जुनी झीज, गुळगुळीत. हा झाला एक हात. आणि हे वर, दोन्ही बाजूंना, काळं तेलकट. हे दोन हात. पण हे म्हणतात एकहाती! मग एकहाती गाडीला तीन हात कुठून आले?"

फर्स्टक्लास हसला, पण ते हसू ओठांपलीकडे गेलं नाही.

"आणि खाली हे काय घासलंय?" मामा म्हणाले. "इथे काय गुडघा लावत होता की काय!"

लावत होताच हो मामा! मला ओरडून सांगावंसं वाटलं. फर्स्टक्लासचं बोलणं एका अर्थी अगदी खरं होतं, मी एकहातीच होते, एका हाताच्या त्या भल्या माणसाची. फर्स्टक्लासला बिचाऱ्याला ते माहीत नव्हतं. तो खोटं बोलायला गेला आणि अर्धं खरं बोलून बसला.

"दोन माणसांनी चालवलीय," नर्सबाई शांतपणे म्हणाली. "दुसरा कोण?"

बरीच टंगळमंगळ झाल्यावर ठेकेदाराचं नाव निघालं. खडीचं ऐकताच ती उठली. मी तोवर निवले होते. तिने किल्ली फिरवली आणि मी पहिल्या झटक्याला चालू झाले. माझी मान ताठ झाली, पण तिची शंका मिटली नव्हती. तिने मला वळवून आवाराच्या मागे असलेल्या दगडमातीच्या ढिगाकडे नेलं.

"तिकडे नको ताई! आत्ताच धुतलीय!"

"अहो, जी गाडी चिखलात घालायला घ्यायची, ती धुतलीय म्हणून चिखलात घालायची नाही?"

पुढचं एक चाक ढिगावर चढलं, मागचं खड्ड्यात गेलं. माझं अंग पिळवटलं. धडधाकट असते तर मी तेवढं सहज सोसलं असतं. पण खाली चीर ताणली गेली आणि सुकलेल्या रंगाचे पापुद्रे तडतड उडाले. नर्सबाई उतरायला गेली तर दार उघडेना. चौकट तिरकी होऊन ते आत अडकलं होतं. मामांनी बाहेरून ओढलं तेव्हा ती उतरली आणि तडक वाकली. काळ्या रंगात केसाएवढी रेघ, आणि रेघेतून डोकावणारा गंज.

"टाका मारलाय ताई," फर्स्टक्लास घाईघाईने म्हणाला. "आतून पक्कं आहे."

"पक्कं होतं, तर रंग कशाला फासलात?"

 नर्सबाईने पर्स खांद्याला लावली आणि ती फाटकाकडे चालू लागली. माझं सगळं संपलं. आता भंगाराचा रस्ता, असं मनाशी म्हणून मी ढिगावर तशीच तिरकी उभी राहिले. दुःख झालं. पण ती वाचली याचा आनंदही झाला, आणि दोन्ही एकाच वेळी.

फाटकापाशी मामा थबकले. मघाशी आपलंच बोट त्या चिरेवरून फिरलं होतं, ही गोष्ट त्यांना डाचत असावी. ते वळून माझ्याकडे बघत राहिले.

"पण..." ते म्हणाले.

"आता काय पण, मामा?"

"पण इंजिन चांगलंय ना? थंड असून एका दमात उठली. कोणीतरी हिला फार जपलेलं आहे, पोरी. ती गुळगुळीत झीज बघितलीस ना? नुसतं दामटणाऱ्याचा हात एका जागी असा राहत नाही. चीर मागाहूनची आहे."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं 'पण' कुणाच्या बाजूने पडलं, आणि ते माझ्या. नर्सबाई फाटकातून परत फिरली. मग तिने अट घातली. रंग पूर्ण खरवडायचा, चिरलेला भाग कापून काढायचा, नवी जाड पट्टी बसवायची, आणि हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत, तिच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये. फर्स्टक्लासने कपाळ चोळलं आणि मान्य केलं. अशी मी तिच्या घरी आले.

पट्टी बसल्यावर कारागिराने विचारलं, "वरून काळा मारू?"

"नाही, पांढरा," ती म्हणाली. "उद्या केसाएवढी रेघ गेली तरी दिसली पाहिजे."

तेव्हापासून पोटाखाली मी पांढरा पट्टा मिरवते. निघण्याआधी पणमामा गुडघ्यावर बसतात, टॉर्च मारतात आणि त्या पट्ट्याकडे डॉक्टरसारखे टक लावून बघतात. आता त्यांचा राग येत नाही. मित्रांनो, कारखान्यातल्या त्या हातोडीवाल्या बाईचाही येत नाही. जे माझ्यावर संशय घेत होते तेच मला जपत होते, आणि ज्याने माझी तोंड भरून स्तुती केली त्याने माझी चीर झाकली. हे कळायला मला म्हातारं व्हावं लागलं.

परवा पलीकडच्या वस्तीवरून कळा सुरू झालेल्या एका बाईला आणायचं होतं. नवरा तिला आधार देऊन माझ्यापर्यंत घेऊन आला. त्याच वस्तीतली झोळीची गोष्ट तोही विसरला नव्हता. मामा खाली वाकलेले बघून तो घाबरला.

"ताई, गाडी भरवशाची आहे ना?"

"नाही हो," नर्सबाई म्हणाली. "म्हणून तर रोज वाकून बघतो. बसवा तिला."

आम्ही ओढा ओलांडला, चढ चढलो आणि वेळेत दवाखान्यात पोहोचलो. मुलगी झाली. बाळाचं रडणं खिडकीतून बाहेर माझ्यापर्यंत आलं, आणि तेव्हासुद्धा पणमामा माझ्या पोटाखाली पट्टा बघत होते.

तेव्हा मित्रांनो, जुनी गाडी घ्या किंवा घरातली सांभाळा, तिच्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. ते फर्स्टक्लासचं काम. तुम्ही फक्त वाकून बघत जा.