भागिरथाची फेरपरीक्षा

आई गेली, तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गाड्यांनी परतले आणि शेलूबाजारच्या त्या घरात भागिरथा एकटी उरली. पन्नाशीला टेकलेली बाई. लग्न झालं नव्हतं. आधी वडिलांचं आजारपण, मग आईचा अर्धांगवायू, आणि त्यात वय कधी निघून गेलं ते ना तिला कळलं, ना विचारायला येणाऱ्यांना. आईची कूस बदलणं, अंग पुसणं, पेज भरवणं यात दिवस कसा गच्च भरलेला असे. आता सकाळच्या चहापर्यंतच सगळी कामं उरकायची आणि पुढे अख्खा दिवस नुसता पडून राहायचा.

धाकटा भाऊ लखन वाशीमला नोकरीला होता. त्यानं एक दिवस फोन केला.

"बाई, घरात बसून राह्यशीन तं खचशीन तू. मंगरूळले कॉम्प्युटरचा क्लास हाये. म्या नाव टाकलं तुयं."

"मायं? मले तं फोन उचलता येते तेवढंच."

"म्हणूनच तं टाकलं. बेसिक शिकून घे. कामी पडते."

अशी भागिरथा रोज सकाळी जीपमध्ये बसून मंगरूळपीरला जाऊ लागली. क्लास रुचिकाचा. तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं, त्याच्या माडीवर एका ओळीत मांडलेले संगणक, भिंतीला तक्ता आणि दारात चपलांचा ढीग. बहुतेक पोरंपोरी नुकतीच बारावी झालेली. भागिरथाला खिडकीकडचं कडेचं मशीन मिळालं. शेजारी कमलीबाई बसायची. ती अंगणवाडीत होती आणि आता तिथली सगळी माहिती ऑनलाइन भरायची म्हणून तिला शिकणं भाग होतं.

पहिल्या दिवशी माउस हातात धरला आणि पडद्यावरचा बाण कुठल्या कुठे गेला.

"हा पळून राह्यला वं," भागिरथा घाबरून म्हणाली.

रुचिका मागे येऊन उभी राहिली. "त्याला कर्सर म्हणतात, ताई. माउस उचलू नका, सरकवा. हलक्या हातानं."

हलक्या हाताची सवय भागिरथाला होती. आईला जाग न येऊ देता तिनं कित्येकदा तिची चादर बदलली होती. क्लास सुटेस्तोवर बाण सांगितलं तिथं थांबायला लागला.

रुचिकाचं शिकवणं सोपं होतं. फाइल म्हणजे कागद, फोल्डर म्हणजे कागद ठेवायची पिशवी. डेस्कटॉप म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, रोज लागतं ते तिथं ठेवा, बाकी आत. लिहिलेलं सेव्ह केलं नाही अन् लाइट गेली, तर सगळं गेलं. इंटरनेट म्हणजे रस्ता आणि ब्राउझर म्हणजे त्या रस्त्यावरून आपल्याला नेणारी जीप.

"मंग सीटा भरल्याशिवाय निघत नसन थे," कमलीबाई म्हणाली. नेमकं त्याच दिवशी नेट रांगत होतं, पडद्यावर गोल चक्र फिरत होतं. सगळा वर्ग हसला. भागिरथाही हसली, आणि स्वतःचा आवाज ऐकून चपापली. आपण किती दिवसांनी हसलो, हे तिला आठवेना.

दुपारी दोघी डबा उघडत. कमलीबाई सुनेच्या तक्रारी सांगायची, ठेचा वाढायची, कॉपी करताना कुठली बटणं दाबायची ते पुन्हा पुन्हा विचारायची. भागिरथा सांगायची. मग जीप, मग घर, मग कुलूप. संध्याकाळी भाकरी थापताना ती शिकलेले शब्द मोठ्यानं म्हणायची. विंडो. टॅब. डाउनलोड. घरात माणसाचा आवाज तेवढाच.

एक दिवस रुचिकानं प्रत्येकाचं ईमेल खातं उघडून दिलं. "पासवर्ड कोणाला सांगायचा नाही," तिनं बजावलं. भागिरथाच्या मनात आलं, सांगायला आहे कोण?

"आता प्रत्येकानं एक मेल पाठवायचा. 'टू'मध्ये ज्याला पाठवायचा त्याचा पत्ता, 'सब्जेक्ट'मध्ये विषय, खाली मजकूर. मग सेंड."

पोरं एकमेकांना पाठवून खिदळू लागली. कमलीबाई त्या दिवशी आली नव्हती. भागिरथानं माडीच्या जिन्यात जाऊन लखनला फोन लावला.

"अवं बाई, मेलबिल कोन पाह्यते? आफिसात हाव मी. काई असन तं व्हॉट्सॲपवर टाक."

ती परत येऊन बसली. 'टू'च्या चौकटीत काठी लुकलुकत होती. थोडा वेळ ती तिच्याकडे पाहत राहिली. मग एक एक अक्षर शोधून तिनं स्वतःचाच पत्ता घातला. विषय लिहिला, चौकशी. खाली लिहिलं, 'भागिरथा, जेवली काय?'

सेंड दाबलं. क्षणभरानं इनबॉक्समध्ये एक ठळक ओळ उमटली, खरोखरच कुणाचं काही आल्यासारखी. तिनं उघडलं, वाचलं, रिप्लाय दाबला. 'हाव, जेवली. तुरीच्या दाण्याची आमटी केली होती.'

मान वर केली तर मागे रुचिका उभी.

"गेला ना मेल, ताई?" रुचिकानं एवढंच विचारलं आणि ती पुढच्या मशीनकडे वळली. भागिरथानं घाईघाईनं विंडो बंद केली.

कोर्स संपत आला तशी पोरं परीक्षेच्या गोष्टी करू लागली. कमलीबाईला सुटल्यासारखं झालं होतं. भागिरथा मात्र उरलेले दिवस मोजत होती. परीक्षा झाली की जीप नाही, डबा नाही, कडेचं मशीन नाही.

परीक्षेच्या दिवशी पडद्यावर पहिला प्रश्न आला. डिलीट केलेली फाइल कुठे जाते? उत्तर तिला ठाऊक होतं. बाण 'रिसायकल बिन'वर जाऊन थांबला. मग तिनं तो खाली सरकवला आणि 'प्रिंटर'वर टिचकी मारली. पुढचा प्रश्न, पुढचं चुकीचं उत्तर. शेवटी अर्ज टाइप करायचा होता. तिनं एकही चूक न करता पूर्ण अर्ज टाइप केला आणि बंद करायला गेली. मशीननं विचारलं, बदल सेव्ह करायचे का? तिनं 'नाही' दाबलं.

निकाल लागला. कमलीबाई पास झाली, तिनं पेढे वाटले.

"काहून वं भागिरथा? तूच तं मले शिकवत होती!" ती हळहळली आणि अंगणवाडीची वेळ झाली म्हणून निघून गेली.

वर्ग रिकामा झाल्यावर रुचिकानं भागिरथाला थांबवलं.

"ताई, डिलीट केलेली फाइल प्रिंटरमध्ये जाते?"

भागिरथानं पुढ्यातला माउस सरळ करून ठेवला.

"ज्याला काहीच येत नाही, त्याची पण दोन-चार उत्तरं अंदाजानं बरोबर येतात. तुमचं एक पण नाही. तुम्ही मुद्दाम चुकवलं."

भागिरथा म्हणाली, "पास झाली असती तं उद्यापासून कुठं गेली असती मी? वाटलं, नापास झाली तं पुन्हा बसू देशीन. पह्यल्यापासून."

रुचिका शेजारच्या खुर्चीवर बसली. कमलीबाईच्या.

"फेरपरीक्षेला क्लास नसतो, ताई," ती हळू आवाजात म्हणाली. "एक दिवस यायचं, पेपर द्यायचा, बस. नवीन बॅच पण भरली आहे."

"हाव काय?" भागिरथा म्हणाली. तिनं सगळा विचार केला होता, एवढं मात्र कुणाला विचारलं नव्हतं.

"घरी कोण आहे तुमच्या?"

"हाये नं. घर हाये."

फेरपरीक्षेला तिनं सगळी उत्तरं बरोबर दिली. लखननं फोनवर "वा, बाई!" म्हटलं आणि त्याला दुसरा फोन आला.

पुढच्या एका सुटीच्या दिवशी, ऊन कलताना, दारात स्कूटी थांबली. रुचिका प्रमाणपत्र घेऊन आली होती. भागिरथा गोंधळून उंबऱ्यातच उभी राहिली. या घरात माणसं यायची ती आईला पाहायला. आपल्याला भेटायला आलेल्या माणसाला कुठं बसवायचं, हेच तिला सुचेना. मग तिनं खुर्ची पुसली, रुचिका कांदा खात नाही हे आठवून कांदा न घालता पोहे केले, चहा टाकला. रुचिका निवांत बसली. पोरं हल्ली मोबाइलवरच सगळं शिकतात, क्लास किती दिवस चालेल सांगता येत नाही, असं म्हणाली. निघताना म्हणाली, "तुमच्या बसस्टँडजवळ ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. मराठी टायपिंगवाला माणूस पाहिजे त्यांना. मी तुमचं नाव सांगितलं आहे. जाल ना?"

"पाह्यते," भागिरथा म्हणाली. स्कूटी हायवेला लागून दिसेनाशी झाली तरी ती दारातच होती.

ती गेली दुकानात. आता भिंतीकडे तोंड असलेल्या खुर्चीवर दिवसभर बसते. लोक येतात, नाव सांगतात, वय सांगतात, पोराबाळांची नावं सांगतात, कुणी नवरा गेल्याची तारीख सांगतं. ती अक्षर न चुकवता टाइप करते, एकदा वाचून दाखवते, सेव्ह करते, प्रिंट काढून हातात देते. कागद मिळाला की माणूस उठतो आणि पुढचा बसतो. तिला कुणी काही विचारत नाही. पण दुकानात सतत कुणीतरी बोलत असतं, आणि तेवढंही तिला पुरतं.

कधीकधी दुपारनंतर नेट जातं. लोक कंटाळून निघून जातात. मालक शटरची दांडी हातात घेऊन म्हणतो, "आज काई येत नाही आता नेट. जा ताई तुमी घरी."

"येईन नं नेट," भागिरथा म्हणते. "बसते मी जराशी."