यादीतलं लाटणं

"शालनताई, त्यांनी यादीतनं लाटणं काढलंय."

सोनालीनं हे इतक्या हळू सांगितलं, की कोणी गेल्याचीच बातमी असावी. शालन खोक्याला चिकटपट्टी लावत होती. हातातली पट्टी तशीच धरून तिनं विचारलं, "आणि पोळ्या कशानं लाटायच्या? कोपरानं?"

बिबवेवाडीतल्या या पत्र्याच्या गोदामात संस्थेची मदतीची खोकी भरली जात. आधी भूकंपवाल्यांची, पूरवाल्यांची. गेली दोन वर्षं सुदानमधल्या युद्धानं घरदार सुटलेल्यांची. खोक्यात काय जायचं ते एकोणीस वर्षं शालन ठरवत आली होती. साहेब आले नि गेले, यादी तिचीच. शिक्षण जेमतेम दहावी, पण यादीच्या तळाशी 'ठरवणार' या शब्दापुढे तिचं नाव असे आणि त्या नावावर तिचा फार जीव होता.

आता संस्थेनं ठरवलं होतं, की युद्ध ज्यांच्या दारात आहे त्यांनीच मदतीचं बघावं. तिथल्या छावणीत बायकांचं एक मंडळ सगळ्यांचा स्वयंपाक करतं. या महिन्यापासून यादी त्यांची. पुढे खरेदीही तिकडेच.

"ठरवू देत की," शालन म्हणाली. "एकोणीस वर्षं आम्ही इथं गोट्याच खेळत होतो."

दुपारी डबा खाऊन ती खोक्यांना टेकली. पत्रा तापला होता, बाहेरच्या रिक्षांचा आवाज लांब लांब जात होता. डोळे मिटले की नेहमी दिसे तेच दिसलं. वाळूत तंबूंची रांग, प्रत्येक तंबूच्या दारात एक बाई, आणि सगळ्यांची लाटणी एका लयीत फिरताहेत. पोळ्या टम्म फुगून वाऱ्यावर निघाल्यात. कुठंही बंदुकीचा आवाज नाही. हे आपण केलं, असं तिला झोपेतही वाटे.

"ताई, फोटो आलाय. बघता?"

सोनालीनं मोबाइल पुढे धरला. वाळूत ओळीनं लाटणी ठोकलेली होती. प्रत्येकाला दोर बांधलेला, आणि त्या दोरांवर स्वयंपाकघराचं मोठं कापड ताणलेलं.

"ह्या खुंट्या केल्यात?"

"हो. तिथल्या मंडळातल्या सुआदबाईंनी लिहिलंय. त्यांच्याकडे लाटत नाहीत, पीठ पातळ करून तव्यावर पसरतात. पण लाकूड चांगलंय, वाऱ्यात हलत नाही. थँक यू म्हणाल्यात."

शालनला आधी राग आला, मग लाज वाटली, मग डोळेच भरले. वाळूतली ती ओळ ती बघत राहिली, आणि बघता बघता तिला आई दिसली. बहात्तरचा दुष्काळ. दिवसभर खडी फोडून आलेली आई परातीत अमेरिकेतनं बोटीनं आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी थापतेय. भाकरी तुटतेय, ती पुन्हा गोळा करतेय. "धाडणाऱ्यानं येकदा इचारायचं तरी," आई पुटपुटतेय, "आमी काय खातो त्ये."

आणि आईच्या घरात लाटणं होतंच कुठे? शालननं ते पहिल्यांदा पाहिलं लग्न होऊन पुण्यात आल्यावर.

"अगं, त्यांचं नाव कसं लिहायचं?"

"सु-आ-द."

शालननं यादीच्या तळाचं आपलं नाव एका रेघेनं खोडलं आणि शेजारी, शाळेत गिरवावं तसं, ते तीन अक्षरांचं नाव लिहिलं.

"त्यांना विचार, अजून काय काय नको होतं."

"सगळंच विचारू?"

"सगळं. आणि खुंट्या पुरतायत का, तेही."

सोनाली लिहायला बसली. शालनपुढे आता काम नव्हतं. तिचा तळवा रिकाम्या टेबलावर हलकेच थापत राहिला, मधेच थोडा फिरला, पुन्हा थापत राहिला. ती उठून गेली तेव्हा टेबलावरच्या धुळीत भाकरीएवढं गोल उमटलेलं होतं.