स्टिकरवरचं कुंकू

बंगळुरातल्या येलहंक्याच्या त्या छोट्या ऑफिसात सर्व्हर बंद पडला. सॉफ्टवेअर नव्यानं टाकायचं, तर मूळ डिस्क कुठंच सापडेना. संपदानं ते नेटवरून उतरवलं. पण लायसन्सचा नंबर होता सर्व्हरच्या पाठीवरच्या स्टिकरवर, आणि त्यावर कुंकवाची पुटं! दर दसऱ्याच्या आयुधपूजेला ऑफिसातले जुने नरसिंहअण्णा आपला आडव्या व्रणाचा अंगठा नेमका तिथंच टेकवायचे.

"अण्णा, दुसरी जागा नव्हती का हो?" गेल्या महिन्यात वारलेल्या माणसावर चिडत तिनं ओल्या फडक्यानं स्टिकर लख्ख पुसला आणि नंबर घातला. रिकाम्या ऑफिसात, भरदुपारी, सर्व्हर घुमू लागला.

"सरी, ठीक, झालं एकदाचं," म्हणत ती फडकं उचलायला सर्व्हरमागं वाकली. स्टिकरवर ओलं कुंकू होतं, आणि त्यात एक आडवी रेघ कोरी.