लोटन मास्तरांचा दम

चंदनचा हा पाचवा अल्बम. आधीच्या चारांनी थोडं नाव दिलं आणि भरपूर पाठदुखी. नंदुरबारात राहून फंक आणि सोल अशी अमेरिकी ढंगाची गाणी गाणाऱ्या माणसाला लोक अजून विचारतात, "लग्नाच्या ऑर्डरी घेतोस का?" चोपन्नाव्या वर्षी खांद्याला बास गिटार अडकवतानाही त्याला धाप लागे. हा शेवटचा, असं त्याने बायकोला सांगितलं होतं. तिने ते तिसऱ्या आणि चौथ्या वेळीही ऐकलं होतं.

या खेपेला सहा पाहुणे वादक होते. पुणे, गोवा, सुरतवाल्या पाच जणांनी आपापले तुकडे घरूनच पाठवले. त्यांना साधा चहा पाजायचीही वेळ आली नाही. सहावे मात्र रिक्षा करून स्वतः आले. लोटन मास्तर, वय बहात्तर, लग्नाच्या बँडचे जुने ट्रम्पेटवाले. सोळाव्या वर्षी चंदन त्यांच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा. "पहिला पाय दाबी टाक, बाकीना आपोआप येतस," असं म्हणत पहिल्या ठोक्यावर जोर द्यायला त्यांनी वरातीत चालता चालता शिकवलं. त्या एका वाक्यावर चंदनने चार अल्बम काढले. म्हणून शेवटच्या गाण्यात त्यांचाच ट्रम्पेट हवा होता.

पण मास्तरांचे पुढचे दात गेलेले. खास या गाण्यासाठी त्यांनी कवळी बसवून घेतली होती, आणि वरचा सूर आला की ती सटकायची. टक्. बारा वेळा वाजवून झालं, बारा वेळा टक्. चंदनचं डोकं ठणकत होतं. शेवटी तो म्हणाला, "भारी जमनं, मास्तर!"

मास्तर खुशीत घरी गेले. चंदनने तो तुकडा पुण्याच्या एका ट्रम्पेटवाल्याकडून वाजवून घेतला. रेकॉर्डिंग करणाऱ्या दिनेशने तो गाण्यात बसवला. नाव मात्र लोटन मास्तरांचंच ठेवलं. म्हाताऱ्याचं मन कशाला मोडायचं? दमलेल्या माणसाला खोटं बोलणंही दयाच वाटू लागतं.

अल्बम यायला दोन दिवस होते, तेव्हा चंदन गाणं ऐकवायला मास्तरांच्या घरी गेला. अंगणात त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई लाल मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. मास्तरांनी शेजारपाजारच्यांना आधीच गोळा करून ठेवलेलं. गाणं वाजलं, टाळ्या पडल्या. रुक्मिणीबाईंनी मान वर केली नाही.

शेजारी पांगल्यावर मास्तरांनी हळूच विचारलं, "कोनी वाजाडं हाई?"

चंदनचे कान तापले. "मास्तर..."

"पन्नास वरीस वाजाडं मी. मी दम कठे लेस ते माले मालूम नई का? भारी वाजाडं त्यानी. त्यानं नाव टाक. मन्हं काढ."

रागावले असते तर चंदनला बरं वाटलं असतं. ते नुसते थकलेले दिसत होते, त्याच्याइतकेच. चंदनला स्वतःची लाज वाटली.

"मन्हं फेकी दिनं का?" मास्तरांनी विचारलं.

फेकलं नव्हतं. फोनमध्ये बारावा तुकडा होता. चंदनने तो लावला. सूर चढला, फाटला, टक्, पुन्हा चढला.

रुक्मिणीबाईंचे हात थांबले. तिखट बोटं तशीच हवेत धरून त्या ऐकत राहिल्या.

"हाई यास्नं शे," मास्तरांकडे बोट करत त्या म्हणाल्या. "मांगे वाजाडं ते कोनं व्हतं, कोन जाने. मंग गानामा हाईच का बरं टाकं नई, भाऊ?"

मास्तर जमिनीकडे बघत होते. गाणं पुन्हा उघडायचं म्हणजे रात्रभर बसणं आलं, आणि पाठ तर आत्ताच बोलत होती. चंदनने दिनेशला फोन लावला.

"शेवटच्या गाण्यातला ट्रम्पेट बदलायचा. मास्तरांचा टाक, बारावा."

"सर, त्यात कवळी वाजते."

"वाजू दे," चंदन म्हणाला. "मी निघालो."