उसातली वाट

प्रांजल कॉलेजच्या गेटातून आत आली तेव्हा मायाने घड्याळाचं बटण दाबलं आणि आकडा बघायच्या आधी पोरीच्या हातांकडे बघितलं. उजव्या कोपराखाली ताजा चरा होता. बारीक, लांब, कडेला रक्त सुकत आलेलं. उसाचा पाला कापतो तो असाच कापतो, ब्लेड ओढल्यासारखा.

मग तिने आकडा बघितला. बावीस मिनिटं नऊ सेकंद.

विश्वजीत सर शेवटच्या पोरीच्या मागून मोटारसायकलवर येत होते. ते पोचले, त्यांनी घड्याळ हातात घेतलं, पुसलं, परत बघितलं. पोरींनी टाळ्या वाजवल्या. जिमखान्याच्या भिंतीवरच्या फळ्यावर एकोणीस वर्षं एकच ओळ होती: मुली, सहा किलोमीटर, माया सूर्यवंशी, बावीस एक्कावन्न. ती ओळ आज मोडली होती, तीसुद्धा बेचाळीस सेकंदांनी.

“ताई, तुमचा रेकॉर्ड गेला की,” सर हसत म्हणाले.

माया हसली. पण तिची नजर त्या चऱ्यावरून हलेना. त्या रस्त्यावर कॉलेजातली पोरगी बावीस मिनिटांत पळू शकत नाही, हे तिला माहीत होतं. कडेगावात ते तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

माया कॉलेजच्या ग्रंथालयात परिचर होती; सरावाला घड्याळ धरायला सर तिलाच बोलवत. बारावी झाल्यावर लग्न ठरत होतं, पण फळ्यावर नाव लागलं, पेपरात फोटो आला, आणि तेव्हाच्या प्राचार्यांनी वडिलांना बोलावून सांगितलं की पोरीला शिकू द्या. बी.ए. झाल्यावर त्यांनीच तिला कॉलेजात चिकटवून घेतलं. त्या काळात कॉलेजचे मुलांचा आणि मुलींचा असे दोन्ही संघ नावाजलेले होते. पहाटे कालव्याच्या रस्त्याला चाळीस-चाळीस पोरं पळायची. पुढे गावोगाव पोलीस भरतीच्या अकॅडम्या निघाल्या आणि पोरं तिकडे गेली. मग मुलींचा संघ बंद पडला. करोनात मैदानावर कमरेएवढं गवत वाढलं. तासिका तत्त्वावर आलेल्या विश्वजीत सरांनी दोन वर्षं घरोघर फिरून कशाबशा सहा पोरी जमवल्या होत्या. संघाला सहाच लागतात. एक जरी गळाली तरी संघ मोडला, आणि आताचे प्राचार्य त्याचीच वाट बघत होते.

हे सगळं ठाऊक असूनही त्या दुपारी माया जिमखान्यात गेली आणि म्हणाली, “सर, प्रांजलच्या हातावर बघितलं का? उसातनं गेल्यावर असं लागतं.”

सरांचा चेहरा उतरला. कुणी बघितलं का, असं त्यांनी विचारलं. कुणी नाही, पण टाकीपाशी माणूस कुठे होता, असं माया म्हणाली. ते खरंच होतं. रस्ता कालव्याच्या कडेने पाण्याच्या टाकीपर्यंत जायचा, टाकीला वळसा घालून मळ्याच्या अंगाने परत यायचा. जाणारा आणि येणारा रस्ता यांच्या मधोमध उसाचं रान होतं. टाकीजवळ कुणाला उभं करावं, तर सरांकडे माणूस नव्हता.

सरांनी प्रांजलला बोलावलं. कवठे महांकाळकडच्या मेंढपाळाची ही पोरगी. आईबाप मेंढरं घेऊन इकडे बागायतीत उतरले होते, म्हणून तिने इथल्या कॉलेजात नाव घातलं होतं. हाताला काय लागलं, असं सरांनी विचारल्यावर ती म्हणाली, “वाढं आणाय गेलते सकाळी. मेंढरांस्नी.”

ऊसतोडीच्या फडातून वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणताना हात कापतात, त्यात खोटं काही नव्हतं. पण हे बोलताना ती सरांकडे बघत नव्हती. मायाकडे बघत होती. सकाळी घड्याळाआधी आपल्या हाताकडे कोणी बघितलं, हे तिच्या बरोबर ध्यानात होतं.

सरांनी मधला मार्ग काढला. दुसऱ्या कॉलेजने तक्रार केली तर सगळंच बुडेल, म्हणून प्रांजलचं नाव तूर्त यादीत नको. येत्या रविवारी तिने पुन्हा पळून दाखवावं. प्रांजलने मान हलवली आणि ती निघून गेली.

तो आठवडा वाईट गेला. पोरी सरावाला येत, पण प्रांजलच्या शेजारी कुणी पळेना. ती पुढे गेली की मागच्या एकमेकींकडे बघत. मागे राहिली तर, आज कशी मागे राहिली, असं कुजबुजत. संघातली मिस्बाह पुस्तक बदलायला आली तेव्हा काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, “ताई, तुमी सोता पळलाय त्या रस्त्यानं. तुमाला कळल्याबिगर ऱ्हाईल का?”

मायाने पुस्तकावर शिक्का मारला. तो उलटा उमटला.

रविवारी सर स्वतः गेटात घड्याळ घेऊन उभे राहणार होते; उजाडायच्या सुमाराला माया घरातून निघाली. नवऱ्याला म्हणाली, चालायला जाते. कालव्याच्या रस्त्याने ती टाकीच्या अलीकडे आली, जिथे पाटाच्या कडेने एक पायवाट उसात शिरते, तिथे आत जाऊन दहा पावलांवर बसली. ऊस दरवर्षी तुटत होता, परत वाढत होता, पण ही वाट मोडली नव्हती. विहिरीच्या मोटारीकडे जाणारी माणसं ती वापरत.

एकोणीस वर्षांपूर्वी, डिसेंबरात, माया याच ठिकाणी उसात शिरली होती. फसवायला नव्हे. ती चौथी की पाचवी होती, पाठीमागे धुकं होतं, आणि तिची पाळी सुरू होती. घडी घातलेलं कापड सरकलं होतं आणि मांडीवरून ओघळ यायला लागला होता. तसंच पुढे पळायचं, तर गेटात सगळं कॉलेज उभं. ती आत गेली, आडोशाला बसून तिने कापड नीट केलं, ओल्या पाल्याने पाय पुसले आणि घाईने उठून पायवाट धरली. बाहेर आली तो रस्ता परतीचा होता.

तेव्हाच मागे फिरायला हवं होतं. पुढे कुणी दिसत नव्हतं, मागे कुणी दिसत नव्हतं. ती क्षणभर उभी राहिली आणि मग गेटाच्या दिशेने पळत सुटली. आपण पहिल्या आलो हे तिला टाळ्या ऐकून कळलं. मधेच कुठे गेली होतीस, असं कुणी विचारेल म्हणून ती घाबरून गेली होती. कुणीच विचारलं नाही. विचारलं असतं तरी पुरुषांच्या घोळक्यात ती काय सांगणार होती? मग हार आला, फोटो आला, फळा रंगला. सांगायची वेळ रोज थोडी थोडी मागे पडली.

आता ती त्याच जागी दुसरीला धरायला बसली होती. प्रांजल इथेच आत शिरणार, अशी तिची खात्री होती. शिरावी, असंही तिला वाटत होतं. शिरली तर मायाला आतून हलकं वाटणार होतं, आणि हे तिचं तिला कळत होतं.

पावलं वाजली. उसाच्या फटीतून प्रांजल दिसली. तोंड उघडं, नजर पुढे, कपाळाला केस चिकटलेले. पायवाटेच्या तोंडाशी आली आणि तशीच पुढे गेली. तिने मान वळवून बघितलंसुद्धा नाही. जरा वेळाने पाठीमागच्या अंगाने, परतीच्या रस्त्यावरून, तीच पावलं ऐकू आली. टाकीला वळसा घालून ती आली होती. तितक्याच वेगात.

माया बराच वेळ तिथेच बसली. मग अंगावरचा पाला झाडत रस्त्यावर आली, तर समोर कालव्याच्या भरावावर एक माणूस घोंगडी पांघरून बसलेला. खाली पंधरावीस मेंढरं चरत होती. प्रांजलचा बाप, बिराप्पा. तिने त्याला प्रवेशाच्या वेळी एकदा बघितलं होतं.

“माजी पोरगी गेली न्हवं सरळ?” त्याने विचारलं.

“गेली.”

“मीबी त्येच बघाय बसलोय. म्हटलं, कालिजातली मान्सं कुनाला तरी बशिवत्याल आनि न्हाई त्ये सांगत्याल. तुमी कवाच्या आत बसलाय, बघतोय मी.”

बिराप्पा उठला, काठीने उसाकडे दाखवत म्हणाला, “ताई, येक इचारू? म्या रोज हितनं मेंढरं न्हेतो, म्हनून मला ठावं हाय ह्यो रस्ता पलीकडं निघतो. तुमी तर गावात ऱ्हाता. तुमाला कसं ठावं?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. हरवलेल्या मेंढराचा माग काढताना विचारावं तसं त्याने विचारलं होतं.

“मी गेलीया ह्या वाटंनं,” माया म्हणाली. “एकदा. शर्यतीत.”

आपला आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

“आनि तुमीच नाव घेतलं व्हय माज्या लेकीचं,” बिराप्पा म्हणाला. मग मेंढरांना हाळी देऊन भरावावरून चालू लागला.

प्रांजलचा वेळ त्या दिवशी बावीस चौदा भरला. मायाने गेटात पोचल्यावर सरांना बाजूला घेतलं, प्रांजल टाकीला वळसा घालूनच आली असं सांगितलं, आणि मग स्वतःचं सगळं सांगितलं, धुक्यापासून टाळ्यांपर्यंत. कापडाचंही सांगितलं. सर तिच्याहून बारा वर्षांनी लहान. ते खाली मान घालून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “ताई, फळ्यावरचं नाव तसंही बदलणारच आहे. हे आता कशाला कुणाला सांगायचं? प्राचार्यांना निमित्तच पाहिजे.”

त्यांचं बरोबर होतं, आणि मायाला त्यांचा थोडा रागही आला. तिला वाटलं होतं, कुणीतरी बोलेल, ओरडेल, निदान चिठ्ठी देऊन प्राचार्यांपुढे उभं करेल. तसलं काहीच घडलं नाही. आठवड्याभरात पेंटर येऊन नवी ओळ रंगवून गेला. ग्रंथालयातल्या सहकाऱ्यांनी मायाला वाईट वाटलं असेल म्हणून चहा पाजला.

प्रांजलचं नाव यादीत लागलं. पोरी परत तिच्याशी बोलू लागल्या. ती मात्र ग्रंथालयात आली की काउंटरवर पुस्तक ठेवायची आणि मायाने रजिस्टरात नोंद केली की रजिस्टर स्वतःकडे फिरवून वाचायची. तारीख, नंबर, पुस्तकाचं नाव. वाचून झाल्यावरच जायची. बापाने तिला काय सांगितलं असेल, हे मायाने विचारलं नाही.

विद्यापीठाच्या स्पर्धा पाचगणीला होत्या. पोरींबरोबर बाईमाणूस लागतं म्हणून सरांनी मायालाच नेलं. सकाळी धुकं इतकं होतं की शाळांच्या इमारती नुसत्या सावल्यांसारख्या दिसत होत्या. आयोजकांनी प्रत्येक कॉलेजकडून एक माणूस मागितला आणि मायाच्या वाट्याला लांबचं वळण आलं. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांच्या कडेला, एका हातात वही आणि दुसऱ्यात पेन घेऊन ती उभी राहिली. येईल तिच्या छातीवरचा नंबर लिहायचा, एवढंच काम होतं.

पहिल्या पाचजणी गेल्या. तिने पाच नंबर लिहिले. सहावी प्रांजल होती. पहिल्या सहाजणी विद्यापीठाच्या संघात जातात, हे तिथे लिंबू-पाणी घेऊन उभ्या असलेल्या पोरांनाही माहीत होतं. माया ओरडून म्हणणार होती, चल, चल, पुढची दमलीया. पण प्रांजल वळणावर आली आणि थांबली. छाती भात्यासारखी हलत होती.

“येकशे बारा,” ती म्हणाली. “लिवलं का?”

“लिहिते की, पळ तू.”

“आदी लिवा.”

मायाने लिहिलं. तिने वही फिरवून पोरीसमोर धरली. प्रांजलने वाकून बघितलं. तेवढ्यात साताऱ्याकडची एक उंच पोरगी दोघींच्या शेजारून निघून गेली. मग प्रांजल पळाली आणि उतारावरच्या धुक्यात दिसेनाशी झाली. पाठोपाठ आणखी पोरी येत होत्या. माया लिहीत राहिली. शेवटची पोरगी लंगडत आली तेव्हा सगळी माणसं झेंडे गोळा करून निघाली होती. तिचाही नंबर घेऊन मगच माया वळणावरून हलली.

प्रांजल सातवी आली. सहावीच्या मागे चार सेकंदांनी.

परतीच्या गाडीत घाट उतरताना सर समोरच्या सीटवरून मागे वळले. तू उतारावर कुणाला ऐकत नाहीस, मग चार सेकंदं गेली कुठे, असं त्यांनी विचारलं.

“वळनावर थांबले,” प्रांजल म्हणाली.

“कशाला?”

“माजा नंबर लिवला का बघाय.”

सरांनी मायाकडे बघितलं आणि पुन्हा पुढे तोंड केलं. मायाला म्हणायचं होतं की पोरी, मी लिहिला असता. पण ते या पोरीने का म्हणून मानावं?

मिस्बाहने बाजारात स्ट्रॉबेरीचा खोका घेतला होता. तो पुढच्या सीटवरून एकेकीच्या हातातून मागे येत राहिला. प्रांजल मायाच्या पुढच्याच सीटवर बसली होती. तिने एक स्ट्रॉबेरी उचलली आणि मागे न बघता खोका खांद्यावरून मागे धरला. मायाने हात पुढे केले. गाडी वळणावर कलली. मायाने खोका दोन्ही हातांनी नीट धरलाय, याची खात्री होईपर्यंत प्रांजलने तो सोडला नाही.