अकरा वाजून पाच मिनिटांची बाधा

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी रुग्णालयाच्या तपासणी विभागात पाय ठेवायला जागा नव्हती. काम करायला कुणीच आलं नव्हतं, सगळे बघायला आले होते. परिचारिका, क्ष-किरणवाले, लिफ्टवाला, वॉर्डातल्या रुग्णांचे दोन-चार नातेवाईक, सगळे सर्व्हरच्या काचेच्या खोलीला नाक लावून उभे होते. आत पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले कंपनगुरुजी सर्व्हरच्या कपाटाभोवती तांब्याच्या पट्ट्या मांडत होते.

तीन आठवडे रोज हेच चाललं होतं. अकरा-पाचला विभागातल्या प्रत्येक संगणकावर चक्र फिरू लागायचं आणि फिरतच राहायचं. रक्ताचे रिपोर्ट आत अडकायचे, वॉर्डातून फोनवर फोन यायचे. मग गुरुजींना बोलावणं जायचं. गुरुजी यायचे, पट्ट्या मांडायचे, डोळे मिटायचे, आणि अकरा-पस्तीसच्या सुमारास यंत्रणा सुटायची. मग गुरुजी दक्षिणा घेऊन परतायचे.

"यंत्रालाही मन असतं," गुरुजी आज सांगत होते. "त्याची कंपनं बिघडली की ते रुसतं. या यंत्रणेला मी जन्मापासून ओळखतो. ती बांधणाऱ्या कंपनीत मी अकरा वर्षं होतो, मग मला आतला आवाज आला."

पडद्यांवरची चक्रं थांबली. गर्दीतून हुश्श झालं, एका परिचारिकेने हात जोडले.

सगळ्यांच्या मागे धाकटी उभी होती. घरी तिला धाकटी म्हणत आणि इथेही तेच नाव चिकटलं होतं, कारण तिची वहिनी याच विभागात रक्त तपासायची. सर्व्हर सांभाळणं हे धाकटीचं काम. गुरुजींनी काल संचालकांना बाधेचं मूळ सांगितलं होतं: अकराच्या पाळीला येणारी, गेल्या वर्षी नवरा गेलेली बाई. ती खुर्चीवर बसते आणि पाच मिनिटांत यंत्र गुदमरतं. संचालकांनी वहिनीला सांगून टाकलं होतं, की सोमवारपासून येऊ नका.

"पायगुण म्हणे," डबा उघडून न खाताच वहिनी दुपारी म्हणाली. "तुझा दादा गेला तेव्हा घरात ऐकलं, आता इथेही. अगं, मला तर रात्रभर वाटत होतं, खरंच असेल की काय."

"वहिनी, तुम्ही तरी असं बोलू नका." धाकटीने तिला थांबवलं. "अकराला पाळी बदलते म्हणून तुम्ही अकराला बसता. मशीनला तुम्ही विधवा आहात हे कुठून कळणार?"

"मग बंद का पडतं?"

धाकटीला नेमकं हेच शोधायचं होतं. तपासणीची सगळी यंत्रणा जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेली, एका अॅप्लिकेशन सर्व्हरवर चालणारी. बाहेरून बघितलं तर सगळं आलबेल. प्रोसेसर निवांत, मेमरी मोकळी, तरी काम ठप्प. आत काय चाललंय हे बघायला तिला एक एजंट बसवायचा होता. एजंट म्हणजे एक छोटा प्रोग्राम. तो सर्व्हर चालू होतानाच त्याच्याबरोबर चालू होतो आणि आतलं प्रत्येक काम कधी सुरू झालं, कुठे अडलं, किती वेळ लागला, हे लिहून ठेवतो. सर्व्हर सुरू करण्याच्या आज्ञेत एक ओळ वाढवायची, एवढंच.

ती ओळ तिने बुधवारी वाढवली होती आणि तोंडघशी पडली होती. सकाळी साडेसहाला सर्व्हर बंद केला, चालू केला, तो उठेचना. वीस मिनिटं विभाग आंधळा. घाबरून तिने ओळ काढली तेव्हा तो उठला. गुरुजींना आयतं कोलीत मिळालं. "यंत्राच्या पोटात हेर घातला. कोण सहन करेल?"

चूक साधी होती आणि तिचीच होती. एजंटची फाइल तिने स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. सर्व्हर चालतो दुसऱ्या वापरकर्त्याच्या खात्यातून आणि त्या खात्याला तिचं फोल्डर उघडायची परवानगीच नाही. आज्ञेत सांगितलेला एजंट सापडला नाही की जावा सुरू व्हायलाच नकार देतं. हे उमगायला तिला दीड दिवस लागला. मग ती थेट संचालकांच्या खोलीत गेली.

"साहेब, बुधवारी चूक माझी होती," ती बसायच्या आधीच म्हणाली. "कुणी रुसलं नव्हतं. मी फाइल भलत्या जागी ठेवली. आता ती योग्य जागी ठेवून दुसऱ्या मशीनवर दोनदा करून बघितलंय. मला उद्याचा एक दिवस द्या."

संचालकांना स्वतःची चूक कबूल करणारा माणूस बघायची सवय नव्हती. ते थोडे गोंधळले.

"आणि नाही जमलं तर?"

"तर मी वहिनींबरोबर घरी बसेन."

शुक्रवारी सकाळी सहाला तिने सर्व्हर पुन्हा चालू केला. सर्व्हर मुकाट उठला आणि तिच्या पडद्यावर पहिली ओळ उमटली. मग दुसरी. प्रत्येक रिपोर्टला किती क्षण लागले ते समोर दिसत होतं. पण अकराला अजून पाच तास होते. तिला चहाही गेला नाही, ती चार वेळा जिना चढली आणि उतरली.

अकराच्या आधीच गर्दी जमली. गुरुजी पिशवी घेऊन हजर, संचालक जातीने हजर. धाकटीने वहिनीला विभागाबाहेर, व्हरांड्यात बसवलं.

"आज वहिनी संगणकाला हातही लावणार नाहीत," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

अकरा-पाच. चक्रं फिरू लागली.

"तिची छाया अजून इमारतीत आहे ना," गुरुजी पिशवीची गाठ सोडत म्हणाले. "लांबूनही लागते ती."

धाकटीने आपला पडदा गर्दीकडे वळवला. "हे वाचा. सर्व्हरकडून माहितीच्या साठ्याकडे जायला वीस वाटा आहेत. या क्षणी विसाच्या वीस अडवल्यात, आणि सगळ्यांसमोर एकाच कामाचं नाव आहे. साहेब, तुम्हीच वाचा."

संचालकांनी चष्मा लावला. "'संचालकांसाठी दहा वर्षांचा गोषवारा'," त्यांनी वाचलं आणि ते थांबले.

"गोषवारा रुग्णालयाच्या वीस विभागांचा, प्रत्येक विभागासाठी एक वाट. अर्धा तास हे काम वाटा अडवून बसतं. तोवर रक्ताचे रिपोर्ट रांगेत. काम संपलं की वाटा आपोआप मोकळ्या होतात. डोळे मिटा नाहीतर उघडे ठेवा."

तिने ते काम थांबवलं. सगळ्या पडद्यांवरची चक्रं एकदम थांबली. अकरा वाजून नऊ मिनिटं झाली होती आणि गुरुजींची पहिली पट्टी अजून पिशवीतच होती.

"पण हा गोषवारा तर महिन्यातून एकदा यायचा," संचालक पुटपुटले.

धाकटीने त्या कामाच्या वेळापत्रकाची नोंद उघडली. "तीन आठवड्यांपूर्वी कुणीतरी 'महिन्याला' खोडून 'रोज सकाळी अकरा-पाच' केलं. नोंदीत लॉगिन आहे. यंत्रणा बांधणाऱ्या कंपनीतल्या माणसाचं. तो माणूस कंपनी सोडून गेला, पण आपण त्याचं लॉगिन कधी बंदच केलं नाही." ती गुरुजींकडे वळली. "तुमचंच ना ते, गुरुजी? आणि साहेब, तो गोषवारा रोज तुमच्या मेलमध्ये येतोय. तीन आठवड्यांत तुम्ही एकदाही उघडला नाहीत."

संचालकांचे कान लाल झाले. गुरुजी म्हणाले, कंपनांनीच आपल्याकडून ते करवून घेतलं असावं. यावर लिफ्टवाला आधी हसला, मग सगळेच. दहा मिनिटांत ते लॉगिन बंद झालं आणि गुरुजींना लिफ्टवाल्यानेच खाली पोचवलं.

इथे गोष्ट संपली असती, पण गर्दी पांगेना. कालचीच परिचारिका धाकटीच्या पडद्यासमोर आली आणि तिने हात जोडले. "जादू आहे हो तुमचा एजंट."

धाकटी भडकली. "हात खाली घ्या. तीन आठवडे तिकडे जोडलेत, आता इकडे? याला नमस्कार नको, याची परीक्षा घ्या."

"घेते," दारातून वहिनी म्हणाली. "तुझा एजंट खोटं बोलत असेल तर? तुझ्याही बोलण्यावर आम्ही का विश्वास ठेवायचा?"

धाकटीला इतका आनंद गेल्या तीन आठवड्यांत झाला नव्हता. "ठेवूच नका. सोमवारी गोषवारा बंद असेल आणि तुम्ही तुमच्या खुर्चीवर असाल. अकरा-पाचला मशीन थांबलं, तर मी चुकले, असं मीच सगळ्यांसमोर सांगेन." संचालकांनी सोमवारची मनाई तिथेच मागे घेतली.

सोमवारी निम्मं रुग्णालय तिथे होतं. वहिनी खुर्चीत बसली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. अकरा-पाच झाले. अकरा-सहाला तिने एका लहान मुलीचा रिपोर्ट वॉर्डाकडे धाडला, अकरा-सातला दुसरा. अकरा-पस्तीसपर्यंत चाळीस रिपोर्ट गेले, एकही अडला नाही. संचालक पुढे आले आणि चारचौघांत म्हणाले, "ताई, माझं चुकलं."

वहिनीने मान हलवली. मग खुर्ची फिरवून ती गर्दीकडे बघत राहिली. डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता.

"काही बंद पडलं तर का पडलं ते शोधा. नाही सापडलं तर 'माहीत नाही' म्हणा, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण ज्याचं उत्तर येत नाही, ते एखाद्या बाईच्या कपाळावर लिहून मोकळे होऊ नका. तुम्ही सगळे म्हणत होता म्हणून मी स्वतःलाच दोषी समजायला लागले होते."

वहिनीने पुढची नळी उचलली आणि तिच्यावरचा क्रमांक वाचायला सुरुवात केली.